मुशीतलं तीर्थ

भट्टीवाल्याला मी पहिल्या दिवसापासून आवडले नाही आणि मलाही तो आवडला नाही. निदान या एका बाबतीत आमच्यात कधी मतभेद झाले नाहीत.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका शेठच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी वितळकामाची प्रमुख होते. प्रमुख म्हणजे काय, तर हाताखाली चार माणसं आणि त्या चारांपैकी एकही माझं ऐकणारा नाही. शेजारी रंग बनवणारा कारखाना होता, मागचा नाला रोज वेगळ्या रंगाचा वाहायचा. मी नवीन पनवेलला एका खोलीत भाड्यानं राहायचे, सकाळी कंपनीची मॅटाडोर मला कळंबोलीच्या नाक्यावरून उचलायची. गाडी वसाहतीत शिरली की नाकाला पदर लावावा लागे. संध्याकाळी घरी येऊन केस धुतले तरी उशीला तो वास यायचाच. त्या वासाची चीड मला आजही जात नाही.

त्याआधी काही वर्षं मी एका सरकारी प्रयोगशाळेत तात्पुरत्या जागेवर होते. तिथं युरेनियम वितळवायचे. लोकांना वाटतं युरेनियम अंधारात हिरवं चमकतं. मी पाहिलेलं युरेनियम दिसायला अगदी साधं होतं. ताजं कापलं की चांदीसारखं, थोड्या वेळानं जुन्या पितळी भांड्यासारखं, आणि मग काळं. उचलायला गेलं की मात्र हात खाली जायचा, इतकं जड. आणि स्वभावानं महाभांडखोर. हवेशी भांडतं, पाण्याशी भांडतं, ज्या भांड्यात वितळवाल त्या भांड्याशीही भांडतं. त्याचा बारीक कीस तर नुसता हवेत पेट घेतो. म्हणून ते उघड्यावर वितळवतच नाहीत. पंपानं हवा काढून घेतलेल्या बंद टाकीत, ग्रॅफाइटच्या मुशीत ते वितळवायचं. मूस म्हणजे काळी, जाड बुडाची, खोल बादलीच म्हणा. तिच्याभोवती तांब्याच्या नळीचं वेटोळं, त्यातून वीज सोडली की आतला धातू स्वतःच तापतो. मुशीला आतून पांढऱ्या ऑक्साइडचा लेप द्यायचा, म्हणजे ग्रॅफाइटमधला कार्बन धातूत शिरत नाही. धातू पातळ झाला की मुशीच्या बुडाचा दांडा वर ओढायचा आणि रस खालच्या साच्यात सोडायचा. हे सगळं काचेच्या एका छोट्या खिडकीतून बघायचं, हात कुठंही लावायचा नाही. त्या धातूशी माझं चांगलं जमलं होतं. माणसांपेक्षा बरंच बरं.

जागा तात्पुरती होती, ती संपली. मग या शेठनं मला उचललं. त्याच्याकडे तसलीच निर्वात भट्टी होती आणि ती नीट चालवणारं कुणी नव्हतं. तो तांब्यात थोडं झिरकोनियम घालून त्याच्या ओतीव कांड्या विकायचा, वेल्डिंगच्या मोठ्या यंत्रांना लागतात त्या. झिरकोनियम स्वभावानं युरेनियमचा चुलतभाऊच. हवा चालत नाही, पाणी चालत नाही, कार्बन चालत नाही. मला वाटलं, चला, ओळखीतलंच घर आहे.

भट्टीवाला शेजारच्या गावातला होता. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा, काटक, कपाळाला सकाळी लावलेला अंगारा दुपारपर्यंत तसाच. शेड जिथं उभी होती ती भातशेती त्याच्या घराची. वसाहतीसाठी जमीन गेली तेव्हा शेठच्या वडिलांनी गावासमोर शब्द दिला होता, की ज्यांची शेती या शेडखाली गेली त्यांच्या घरटी एकाला कायमची नोकरी. शब्द दिला त्याला बरीच वर्षं झाली होती आणि भट्टीवाला अजून रोजंदारीवरच होता. येत्या दिवाळीला कायम करतो, असं शेठ दर दिवाळीला म्हणायचा. मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी मात्र गावातली चार जाणती माणसं येऊन बसली आणि शेठला सगळ्यांसमोर हो म्हणावं लागलं. भट्टीवाल्याच्या घरात दुसरी कमाई नव्हती. थोरल्या मुलीचं लग्न त्या कायमच्या नोकरीच्या भरवशावर ठरलं होतं, हे मला कॅन्टीनमध्ये कळलं.

तो वाईट काम करायचा असं मी म्हणणार नाही. पण त्याला वाटायचं की भट्टी त्याची आहे, आणि मला माहीत होतं की ती माझी आहे. मी पॉवर वाढव म्हटलं की तो आधी खैनी मळून तोंडात टाकायचा, मग वाढवायचा. मी ओरडायचे. माझा आवाज तेव्हाही चांगलाच होता. आईच्या मते मुलीच्या जातीला न शोभणारा. बाई माणसानं भट्टीजवळ उभं राहू नये, असं तो थेट म्हणाला नाही, पण इतरांकडून माझ्यापर्यंत पोचेल अशा बेतानं म्हणाला.

खरी फाटाफूट झाली खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा. लेथवर झेंडूच्या माळा, ड्रिलला हळदकुंकू, पान्यांची ओळ पाटावर मांडून त्यांच्यावर फुलं. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. पण माझ्या पहिल्या खंडेनवमीला भट्टीवाल्यानं व्हॅक्यूम मोजायच्या मीटरच्या काचेवर हळदकुंकवाची पाच बोटं ओढली, अशी की काटा दिसेना. मी हसले. सगळ्यांसमोर, खदाखदा हसले, आणि रुमाल ओला करून ती बोटं पुसली. काटा दिसणं गरजेचं होतं. आजही तसंच करीन, हसेन सुद्धा. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा, तेही माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आणि दसऱ्याला मी रजा टाकून पुण्याला भावाकडे गेले. जाण्याआधी नवी मूस तयार करून ठेवली होती. ग्रॅफाइट म्हणजे मडक्यासारखंच, पाणी दिसलं की पिऊन टाकतं. एकदा आत ओल शिरली की ती भट्टी तापल्यावर वाफ होऊन बाहेर येते, लेप उडवते, धातूत मिसळते, आणि धातू गोठताना तिचे बुडबुडे आतच अडकतात. म्हणून नवी मूस लेप देऊन आख्खी पाळी मंद भाजायची आणि झाकून ठेवायची. ओल्या हातानं तिला शिवायचंही नाही. मी ती भाजली, टाकीत बसवली, वर प्लास्टिक बांधलं आणि भट्टीवाल्याला सांगितलं की मी येईपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही. त्यानं भिंतीकडे बघून मान हलवली.

परत आले तर शेडमध्ये मयताची शांतता. शेठ केबिनमध्ये फोनवर कुणाची तरी मनधरणी करत होता. साच्यातून काढलेल्या कांड्या जमिनीवर पडल्या होत्या. मी एक कापायला लावली. आत नुसती जाळी, जाळीदार पाव बरा. सगळा घाणा वाया गेला होता. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं पहिलंच काम होतं आणि त्यांचा माणूस दसऱ्याच्या मुहूर्तावर ओतकाम बघायला मुद्दाम आला होता. वितळलेला धातू मुशीतच उकळून खिडकीच्या काचेवर उडाला, तोही त्याच्या डोळ्यांदेखत.

शेठनं मला बोलावलं. भट्टीवाल्यानं व्हॅक्यूम पुरतं यायच्या आतच पॉवर चढवली, तुम्ही नव्हता म्हणून त्यानं मनमानी केली, असं तुम्ही सगळ्यांसमोर सांगा, म्हणाला. गिऱ्हाइकाला कळवता येईल की चूक करणारा माणूस काढून टाकला. मी म्हटलं, आधी मूस बघते.

टाकी उघडून मूस बाहेर काढली. बुडाशी लेपाचा मोठा पापुद्रा सुटला होता, आणि त्याच्याखाली, दांड्याच्या भोकाजवळच्या खाचेत, काहीतरी चिकटलं होतं. चिमट्यानं खरवडलं. तांदळाचे दाणे. जळून कोळसा झालेले, पण आकार शाबूत. अक्षता.

मी थेट भट्टीवाल्याला गाठलं. तो मागे नाल्याच्या भिंतीवर बसला होता. मी दाणे तळहातावर धरून त्याच्यासमोर हात नेला आणि विचारलं, पाणी कुणी ओतलं? त्यानं तोंडातली खैनी नाल्यात थुंकली. मग भिंतीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत बोलला.

शेठच्या आई दरवर्षी पूजेला यायच्या. मुंबईहून गाडीतून, रेशमी लुगडं, हातात चांदीचा तांब्या. आमच्या शेडच्या कुंपणाला लागून त्याच्या गावची गावदेवी होती. वसाहत आखताना तिला मूळ जागेवरून उचलून तिथं आणून बसवलं होतं. तिची पूजाअर्चा भट्टीवाल्याच्या घराकडे, पिढ्यान्‌पिढ्या. आईंनी त्या वर्षी त्यालाच देवीचं तीर्थ आणायला सांगितलं. त्यानं ते अंघोळ करून, अनवाणी चालत, डोक्यावरून आणलं. आईंनी प्लास्टिक सोडायला लावलं आणि नारळाच्या पाण्यासकट सगळा तांब्या नव्या मुशीत रिता केला, वर अक्षता. भरभराट होवो, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला ओतायचंच, असा शेठचा हुकूम होता. भट्टीवाल्यानं कोरड्या फडक्यानं मूस पुसली. पंप कितीही चालवला तरी काटा खाली येईना. त्यानं शेठला सांगितलं. शेठनं घड्याळ बघितलं आणि पॉवर चढव म्हणाला.

मी विचारलं, पुन्हा भाजली का नाहीत? मला पुण्याला फोन का नाही लावलात?

"फोन लावला आसता तर तुमी हसल्या आसत्या," तो म्हणाला.

खरंच हसले असते. आणि मग मूस पुन्हा भाजायला लावली असती. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. मग म्हटलं, आता जे झालं ते शेठला सगळ्यांसमोर सांगा, पाणी आईंनी ओतलं, पॉवर शेठनं चढवायला लावली, तुमचा यात काय दोष? त्यानं मान हलवली. नाही म्हणाला.

"आईसाहेबांचा नाय, बाई. पानी देवीचा व्हता, आन मी डोक्यावर आनलेला. देवीच्या पान्यान काम बिघडला आसा मी बोललू, तर गावान मला कोन उबा करल?"

मला असला संताप आला की त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. देवीचा संबंध काय? बिसलेरीचं असतं तरी हेच झालं असतं. पाणी ते पाणी. मी हे सगळं त्याला ऐकवलं, आवाज चढवून. तो उठून निघून गेला.

मग मी केबिनमध्ये गेले आणि शेठला जे घडलं ते घडलं तसं सांगितलं. टेबलावर दाणे ठेवले. तो माणूस मला कितीही नकोसा असला तरी त्याच्या अंगावर खोटं ढकलायला मी तयार नव्हते. धातूच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही, मग समोर कुणीही असो. शेठ शांतपणे ऐकत होता. मला वाटलं होतं आईचं नाव निघाल्यावर तो भडकेल. तो भडकला नाही. उलट म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. आपण त्यालाच विचारू. त्याच्या गावचं माणूस बोलावून, सगळ्यांसमोर. तो पाणी होतं म्हणाला, तर दिवाळीला कायम. माझा शब्द."

मला हे न्यायाचं वाटलं. तेवढी बुद्धी माझ्याकडे होती, जास्त नव्हती. शेठच्या घरात माणसं वाचायचा धंदा दोन पिढ्या चालला होता, माझ्या घरात फक्त पुस्तकं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे शेडमध्ये जमले. गावातून एक म्हातारे बोलावले होते, पांढरं धोतर, डोक्याला लाल टोपी, जमिनीच्या वेळी शब्द घेताना पुढे बसलेले. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. शेठच्या आईंना मुद्दाम मुंबईहून आणलं होतं. त्या दुसऱ्या खुर्चीवर, पदर डोक्यावर घेऊन, अगदी सात्त्विक चेहऱ्यानं बसल्या. आणि तो चेहरा बघताच मला कळलं की मी सापळ्यात माणूस नेऊन ठेवला आहे. पण तोपर्यंत शेठ बोलायला लागला होता.

तो फार गोड बोलला. भट्टीवाल्याला म्हणाला, तू जुना माणूस, घरचा माणूस. आमच्या मॅडमचं म्हणणं आहे की गावदेवीच्या तीर्थामुळे भट्टी बिघडली. मला काही ते पटत नाही. पण तू तिथं होतास, तूच सांग. मुशीत पाणी होतं का?

गावदेवीच्या तीर्थामुळे, असं मी म्हटलंच नव्हतं. मी ओल म्हटलं होतं. मी मध्ये बोलायला लागले, तर शेठनं हात वर केला, त्याला बोलू द्या म्हणाला. म्हातारे कपबशी खाली ठेवून भट्टीवाल्याकडे बघत होते. गावातली दुसरी तीन माणसं आमच्याकडेच कामाला होती, तीही बघत होती.

"पानी नव्हता," भट्टीवाला म्हणाला. "बाईंना भट्टीतला काय कलतं?"

दोघंतिघं हसले. मी तडक टाकीपाशी गेले, लेप उडालेली मूस दोन्ही हातांनी उचलून आणली आणि म्हाताऱ्यांच्या पायांशी ठेवली. खाचेत अजून दाणे होते, ते दाखवले. म्हटलं, हे काय आहे मग? मी हे पुण्याहून आणून चिकटवलं? हा माणूस खोटं बोलतोय. नोकरी जाईल म्हणून नाही, तुम्ही समोर बसलात म्हणून.

म्हातारे वाकले. एक काळा दाणा नखानं सोडवला, नीट बघितला. मग तो कपाळाला लावला, आणि धोतराच्या सोग्याला गाठ मारून आत ठेवला. शेठच्या आईंनी तिथूनच हात जोडले. मग शेठनंही जोडले. एकेक करत सगळ्यांनी जोडले. मी एकटीच काळ्या हातांनी उभी होते.

पाणी नव्हतं, म्हणजे चूक भट्टीवाल्याची. शेठनं ते फार दुःखी आवाजात सांगितलं. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाला. म्हाताऱ्यांनी कपबशी पुन्हा उचलली. बोलणार कसे? त्यांच्याच माणसानं त्यांच्यासमोर कबूल केलं होतं.

तो चप्पल घालून निघाला तशी मी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले. वॉचमन ऐकत होता, ऐकू दे म्हटलं. मी त्याला जे तोंडाला येईल ते बोलले. भित्रा म्हटलं, मूर्ख म्हटलं, मुलीच्या लग्नाचं काय करणार असंही म्हटलं. एक शब्द बोलला असतात तर नोकरी राहिली असती, म्हटलं.

तो थांबला. आवाज अजिबात चढवला नाही त्यानं.

"यो शब्द मी तुमाला मागं भिंतीजवल बोललू, शेठच्या एकट्याच्या म्होरं मागितला आसता, तरी बोललू आसतू," म्हणाला. "तुमाला तो सगल्यांच्या म्होरं पायजे व्हता."

मी आणखीनच चिडले. तो रस्त्यापलीकडे, देवीच्या बाजूनं न जाता, लांबच्या वाटेनं गेला.

दिवाळीनंतर भट्टीवर कंत्राटदाराचा माणूस आला. परगावचा, सांगितलं ते ऐकणारा, पॉवर वाढव म्हटलं की लगेच वाढवणारा. घाणे स्वच्छ पडू लागले, गिऱ्हाईक परत आलं. म्हातारे एकदा शेडवर आले होते, त्या घरच्या नोकरीचं काय म्हणून विचारायला. शेठनं त्यांना चहा पाजला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, या मॅडमनी चौकशी लावली नसती तर मी त्याला गुपचूप ठेवून घेतलं असतं. म्हातारे माझ्याकडे बघत राहिले. मी तिथं असताना पुन्हा कधी ते आले नाहीत.